एका माइकसमोर चौघं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, पुण्यातल्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही नाही — जिथे आम्ही सासूपासून थायरॉइडपर्यंत काहीही लपवत नाही. सांगायचं ठरवून मी पुष्कळदा तोंड उघडलं आणि दर वेळी भलतंच काहीतरी बोलून मोकळी झाले. आताही तसंच करीन का? करू शकते. मी मुळातच घाबरट बाई आहे, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

माणसांची नावं बदलली आहेत. गाण्याचं नाव तर सांगणारच नाही. सांगितलं तर तुम्ही ते शोधाल, ऐकाल, दुसऱ्या कोरसनंतर कान टवकाराल — आणि तुम्हाला ते ऐकू येईल. मला तर दर वेळी येतं.

आमच्या बँडचं ते पहिलं सिंगल, म्हणजे स्वतंत्र काढलेलं एकच गाणं. बँड म्हणजे आम्ही चौघं, हॉलंडमधले, आणि वाजवायचो काय, तर अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं कंट्री आणि ब्लूग्रास. हसा, हसण्यासारखंच आहे. त्यात मी पुण्याची, फोरबर्गमध्ये राहणारी, द हेगमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. माझे बाबा बँकेत होते आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचे. ते गेल्यावर त्यांचं मेंडोलिन मी विमानात मांडीवर घेऊन इथे आणलं आणि कपाटावर ठेवून दिलं. किती तरी दिवस ते तिथेच होतं. मग एकदा लायब्ररीत एक चिठ्ठी दिसली — मेंडोलिन वाजवणारं कुणी हवं आहे, चुका चालतील. चुका चालतील, हे वाचून मी फोन केला.

फोन रूबेनने उचलला. तो बॅन्जो वाजवायचा, गाणी लिहायचा, आणि बँड त्याचा होता. फिडल म्हणजे व्हायोलिन, त्यावर सान्ने — पंचविशीतली, उंच, हसताना तोंडावर हात ठेवणारी मुलगी. ती एका वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करायची. आणि उभ्या मोठ्या बासवर हेंक. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, दाढीवाला, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. लायडस्खेनडामच्या पलीकडे कालव्याच्या काठावर त्याचं घर होतं आणि घरामागे लाकडी शेड. त्याचे वडील पूर्वी तिथे होड्या दुरुस्त करायचे. आमची तालीम तिथेच चालायची. मृणाल हे नाव तिघांपैकी कुणालाच जमेना, म्हणून मी त्यांची मीना झाले. ऑफिसमध्ये मी कुणीच नव्हते, घरी मी आई आणि बायको होते, आणि त्या शेडमध्ये मी मीना होते. मला ती मीना फार आवडायची. आता विचार करते तेव्हा वाटतं, सगळं तिच्यासाठीच केलं.

ब्लूग्रासमध्ये ढोल नाही, तबला नाही, ड्रम नाही. ताल धरायचा मेंडोलिनने. तारा दाबून, मध्येच आवाज तोडून, कोरडा टक् असा ठोका द्यायचा, त्याला चॉप म्हणतात. बास म्हणतो ‘धम्’, मेंडोलिन म्हणतं ‘टक्’. गाणं संपेपर्यंत धम्-टक्, धम्-टक्. म्हणजे हेंक आणि मी, आम्ही दोघं मिळून एक तबला होतो. तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्या बोटांकडे. नवऱ्याच्या चेहऱ्याकडेही मी इतका वेळ कधी बघितलेलं नसेल.

आणि अजून एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या चालीचे ब्लूग्रासवाले सगळ्या बँडला मिळून एकच माइक ठेवतात. मध्ये माइक, भोवती सगळे. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे खांदे वळवून मागे होतात, आणि कोरस, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायचं ध्रुवपद, आला की गाणारे तोंडाला तोंड लावल्यासारखे माइकपाशी येतात. कोण किती मोठा ऐकू यावा हे बटणांनी नाही, पायांनी ठरतं. बघायला फार सुंदर दिसतं. रूबेनचा त्याबाबतीत हट्ट होता — पहिलं सिंगल करायचं तर असंच, एका माइकवर, एका दमात. वेगवेगळ्या घरी बसून वाजवायचं आणि कॉम्प्युटरवर जोडायचं, हे त्याला मान्य नव्हतं.

त्या वसंतात सगळं बंद झालं. उन्हाळ्यात आम्ही हेंकच्या बागेत, गवतावर दीड-दीड मीटरवर खुणा करून उभे राहून वाजवलं. बदकं यायची ऐकायला. रेकॉर्डिंग पुढे ढकललं, मग पुन्हा पुढे ढकललं. शरद ऋतूत रुग्णांचे आकडे चढायला लागले आणि घरी जास्तीत जास्त तीन पाहुणे असा नियम आला. हेंक म्हणाला, मी घरचा आणि तुम्ही तीन, म्हणजे नियमात बसतंय. पुढच्या आठवड्यात नियम आणखी कडक होणार अशी बातमी होतीच. मग शनिवार ठरला. रूबेनने कुठून तरी एक जुना, चांगला माइक मागून आणला. हेंकने एकच अट घातली — त्या सकाळी प्रत्येकाने बँडच्या ग्रुपवर कळवायचं की मी ठणठणीत आहे. नुसतं नाक वाहत असलं तरी यायचं नाही. त्याच्या बायकोला, मार्यानला, दम्याचा त्रास होता. हे त्याने एकदाच सांगितलं, आणि इथली माणसं एकदाच सांगतात.

शनिवारी सकाळी मी वरणाला फोडणी करत होते. मी नसताना समीर आणि इरा, म्हणजे माझा नवरा आणि मुलगी, जेवणार होते. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग टाकला — आणि काहीच नाही. वासच नाही. मी आणखी हिंग टाकला. मग डबी नाकाशी धरली.

हिंग उडालाय, मी स्वतःशी म्हणाले. आईने मागच्या वर्षी पाठवलेला, जुना झाला असणार. तुम्ही म्हणाल असं कसं कुणी म्हणेल, त्या दिवसांत? वास जाणं म्हणजे काय हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही होतं. पण हिंग उडतो हेही खरं आहे ना? आपल्या प्रत्येकीच्या घरी एकदा तरी उडालेला आहे. मी त्या उडालेल्या हिंगाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

तेवढ्यात इरा स्वयंपाकघरात आली. सात वर्षांची होती. नाक चिमटीत धरून म्हणाली, “ई, आई! इट स्टिंक्स! व्हाय सो मच?”

मी गॅस बंद केला. इरा नाक धरून पळून गेली, समीर वरच्या खोलीत फोनवर होता, आणि मी फोन घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. ग्रुपवर सान्नेचा अंगठा आला होता. हेंकचा आला होता. रूबेनने लिहिलं होतं — मीना?

मी अंगठा पाठवला.

का पाठवला? ताप नव्हता, खोकला नव्हता, अंग दुखत नव्हतं, म्हणून? नाही. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मला स्पष्ट माहीत होतं. डेल्फ्टमध्ये रूबेनचा एक मित्र होता, माझ्यापेक्षा बरंच चांगलं मेंडोलिन वाजवायचा. रूबेनने त्याला तासाभरात बोलावून घेतलं असतं. ते सिंगल निघालं असतं, त्यावर माझं नाव नसतं, आणि मग हळूहळू मीनाही नसती. त्याची मला भीती वाटली. रोगाची वाटायला हवी होती, ती नाही वाटली. ती नंतर वाटली, आणि अजून गेलेली नाही.

पण माझी कबुली ही नाही. ही त्यातल्या त्यात सोपी आहे. पुढे सांगते.

सायकलने गेले. थंडी होती, कालव्यावरून वारा येत होता. शेडमध्ये हेंकने गॅसची शेगडी लावून ठेवली होती आणि खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. पण माइक इतका तिखट कानांचा की बाहेरची बदकं आणि वारा सगळं त्यात येत होतं. रूबेनने प्रत्येक टेकच्या आधी खिडक्या लावायच्या आणि टेक संपला की हेंकने उघडायच्या, असं सुरू झालं. हेंक दर वेळी न विसरता उघडायचा. चौघं एका माइकभोवती. उन्हाळाभर आम्ही दीड मीटर दूर राहिलो होतो, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांनाच लाजल्यासारखं झालं. सान्ने म्हणाली, नाचाच्या क्लासला आल्यासारखं वाटतंय. मग कोरस आला, हेंकने बास तिरपा करून मान पुढे काढली आणि आम्ही तिघं — हेंक, सान्ने आणि मी — एकमेकांच्या श्वासात गायलो. रूबेन बॅन्जो घेऊन अर्धं पाऊल मागे.

पहिले काही टेक वाया गेले. कुणाचा सूर हलला, कुणाचा पाय अडखळला. मधल्या विश्रांतीत हेंकने खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांपुढे गोळ्यांची पुडी धरली. मी एक घेतली. तोंडात टाकली.

गार लागली. नुसती गार. चव नाही, वास नाही. जिभेवर एक गुळगुळीत, गार खडा.

आता हिंग जुना होता असं म्हणायला जागा उरली नाही. हेंकच्या गोळ्या ताज्या होत्या, सान्ने शेजारी कडाकडा चावून खात होती. मी दाराच्या अगदी जवळ उभी होते. मेंडोलिनची पेटी तिथेच, जॅकेट खुंटीला. ‘मला बरं वाटत नाहीये’ — डचमध्ये पाच शब्द आहेत, मला येतात, ऑफिसमध्ये मी ते सर्रास वापरते. रूबेनने खिडक्या लावल्या. म्हणाला, हा शेवटचा, हा जमणार. आणि मी गोळी गालात सरकवून माइकपाशी गेले.

तो टेक जमला. जे सिंगल निघालं ते हेच. दुसऱ्या कोरसनंतर माझ्या घशात काहीतरी चाळवलं. खोकला येणार असं वाटलं. मी दात आवळले, मान वळवली, आणि त्या नादात हात थांबला. दोन चॉप चुकले. हेंकने माझ्याकडे पाहिलं आणि ती जागा एकट्या बासवर अशी काही सांभाळली की जणू आमचं तसं ठरलेलंच होतं. ‘धम्’ आणि पुढे काही नाही, परत ‘धम्’ आणि पुढे काही नाही — मग मी आत आले. संपल्यावर रूबेन जागच्या जागी उड्या मारायला लागला. ती मोकळी जागा किती सुंदर झाली, म्हणाला. हेंकने मला डोळा मारला.

पुढे रेडिओवर एका बाईंनी त्या जागेचं कौतुक केलं. गाणं तिथे श्वास घेतं, असं त्या म्हणाल्या. मी गाडीत होते. गाडी बाजूला घेऊन थांबले, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

सोमवारी मला खोकला सुरू झाला, मंगळवारी ताप. टेस्ट केली. समीरने जेवण दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. रिपोर्ट आला आणि मग तो फोन आला, ज्याची मी पांघरुणात वाट बघत होते. संपर्कात कोण कोण आलं ते विचारणारी एक मुलगी होती, फार गोड आवाजाची, मोडकंतोडकं इंग्लिश बोलणारी. तिने विचारलं, लक्षणं कधी सुरू झाली? लक्षणांच्या आधीचे दोन दिवस मोजतात, हे मला माहीत होतं. फोन यायच्या आधीच मी बोटांवर हिशोब केला होता.

मी म्हणाले, मंगळवारी.

म्हणजे रविवारपासून. म्हणजे शनिवार सुटला. तिने समीर आणि इराची नावं घेतली, काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर मी आमच्या ग्रुपवर लिहिलं — मला झालाय, पण लक्षणं मंगळवारची आहेत, त्यामुळे तुम्हा सगळ्यांना धोका नाही असं फोन करणाऱ्या बाई म्हणाल्या. पुढे एक हसरा चेहरा टाकला. हो, हसरा चेहरा. हेंकने लगेच लिहिलं, मीना, सूप पी, कोरस मी एकटा गातो तोवर. तो मेसेज अजून आहे. वरती जात गेलं की सापडतो. मी जात नाही.

लगेच कळवलं असतं तर हेंक घरात वेगळा राहिला असता, डॉक्टरकडे लवकर गेला असता. कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित. या शब्दाचा मी इतका चोथा केलाय की आता त्यातही चव नाही.

दुसऱ्या दिवशी सान्नेचा मेसेज आला. वृद्धाश्रमात सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, तिची पॉझिटिव्ह आली होती. तिला काहीही होत नव्हतं. पण ती प्रामाणिक मुलगी, तिने स्वतःच लिहिलं — म्हणजे शनिवारी मला असणार, मीनालाही माझ्याकडूनच झाला असणार, सॉरी, सॉरी, सॉरी. एकदा टाइप करून थांबली नाही, लिहीतच राहिली. आणि मी ते वाचलं तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं. जीव भांड्यात पडला.

गुरुवारी हेंकला ताप भरला. रविवारी त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं.

रूबेनने व्हिडिओ कॉल लावला. इथली माणसं सरळ विचारतात, त्यानेही सरळ विचारलं — शनिवारी कुणाला काही होत होतं का? आत्ताच सांगा, मला कुणावर ओरडायचं नाहीये, मार्यानला सांगायचंय, ती विचारते आहे. सान्ने आधी बोलली. माझा घसा जरा कोरडा होता, मला वाटलं गाण्यामुळे असेल, म्हणाली. मग स्क्रीनवरचे दोन चेहरे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, नाही. अगदी चटकन म्हणाले. इतकं चटकन मी कुठल्याच मीटिंगमध्ये उत्तर दिलेलं नाही.

त्या कोरड्या घशावर सगळं जाऊन बसलं. कुणी सान्नेला वाईट बोललं नाही, तसं नाही. पण ‘ज्या मुलीकडून आलं ती’ अशी तिची ओळख झाली, आणि सगळ्यात आधी ती तिला स्वतःलाच पटली. तिच्या वृद्धाश्रमातही त्याच सुमारास साथ पसरली. आधी तिथे होती की नंतर गेली — शनिवारनंतर, तिच्याबरोबर, म्हणजे माझ्याकडून — हे मी कधी विचारलं नाही. तिथे कोण कोण होतं, किती म्हातारी माणसं, त्यांचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत नाही. मी या वाक्याशी येते आणि थांबते. आताही थांबते.

हेंक गेला. मार्यानलाही झाला होता, ती वाचली. शेवटपर्यंत तिला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही.

अंत्यविधी आम्ही स्क्रीनवर पाहिला. मोजकी माणसं, खुर्च्या लांब लांब. मार्यानच्या सांगण्यावरून तिथे आमचं गाणं लावलं. मी लॅपटॉपसमोर बसले होते, आणि दुसरा कोरस जवळ यायला लागला. मी आवाज बंद केला. समीरला वाटलं मला रडू आवरत नाहीये, त्याने पाठीवर हात ठेवला. मला रडू येत नव्हतं. मला भीती वाटत होती की त्या दोन रिकाम्या ठोक्यांत कुणाला तरी माझा खोकला ऐकू जाईल.

पुढच्या वसंतात रूबेनने ते सिंगल हेंकच्या नावाने काढलं. मुखपृष्ठावर हेंकच्या शेडची खिडकी, उघडी.

भीती म्हणजे काय, सांगू? रोग होऊन गेला, बरी झाले, लसी घेतल्या. पण दाराची बेल वाजली की अजून माझ्या काळजाचा ठोका चुकतो. एकदा द हेगच्या ट्राममध्ये पाठमोरी उंच मुलगी दिसली तर मी मधल्याच स्टॉपवर उतरले आणि पावसात चालत घरी आले. ती सान्ने नव्हतीच. आणि इरा आहे. इरा मोठी होते आहे. शाळेत त्यांना त्या काळाबद्दल घरी विचारून यायला सांगतात. परवा जेवताना सहज म्हणाली, “आई, रिमेम्बर, तू एकदा इतका हिंग टाकलास की मला बाहेर पळावं लागलं? वॉज दॅट कोरोना टाइम?” समीर हसला. मी आमटी वाढत होते, वाढत राहिले. तिला अजून माहीत नाही की तिला काय माहीत आहे. एखाद्या दिवशी ती दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवील. मुलं ठेवतातच. माझ्याच पोटची, माझ्याच टेबलाशी बसून भात खाणारी पोर, आणि मला तिची भीती वाटते.

बघा, एवढं सगळं सांगून झालं आणि जे सांगायला बसले ते राहिलंच. तुम्हाला वाटलं असेल झालं. मलाही इथेच संपवायला आवडलं असतं. खोटं बोलले, एक माणूस गेला, दुसरीवर आळ आला आणि मी मिठाची गुळणी धरून बसले — एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ते नाही. एक दुपार आहे.

सिंगल निघाल्यानंतरच्या उन्हाळ्यातली. समीर इराला पोहायला घेऊन गेला होता. बेल वाजली. खिडकीतून पाहिलं तर खाली सान्नेची सायकल. मी पडद्यामागे उभी राहिले, ती जाईल म्हणून. ती गेली नाही. परत बेल वाजली. दार उघडलं.

ती बारीक झाली होती. आत ये म्हटलं तरी आली नाही, पायरीवरच उभी राहिली. आता तशी गरज नव्हती, तरी लांबच. हातात कापडाने झाकलेला डबा होता. म्हणाली, वृद्धाश्रमातलं काम सोडलं. म्हणाली, फिडल रूबेनला देऊन टाकलं, हातात घेतलं की घसा कोरडा पडतो. मार्यानला दोनदा भेटून आले, ती फार चांगली वागते, त्याचाच जास्त त्रास होतो. मग तिने तोंडावर हात ठेवला. हसताना ठेवते तसा, पण ती हसत नव्हती. म्हणाली, “मीना, तूही माझ्यामुळे आजारी पडलीस. मी तुला नीट सॉरी म्हटलंच नाही कधी. तू रागावली आहेस का माझ्यावर?”

आता. आता तरी. दारात दुसरं कुणी नव्हतं. रस्ता रिकामा होता. समोरच्या घरातला म्हातारा बागेला पाणी घालत होता, त्याला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एक वाक्य होतं. ती मुलगी माझ्यासमोर स्वतःची मान वाकवून उभी होती आणि तिच्या मानेवरचं ओझं उचलून घ्यायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही. मग मला मार्यान दिसली, रूबेन दिसला, समीर, इरा, ऑफिस, सगळे माझ्याकडे वळून बघणारे चेहरे दिसले. मी चौकट धरली.

आणि म्हणाले — मऊ आवाजात, तिचा हात हातात घेऊन — “नाही गं. मी कधीच माफ केलंय तुला.”

हे मी म्हणाले. डचमध्ये म्हणाले, व्याकरणासकट बरोबर म्हणाले. मी तिला माफ केलं.

ती रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पुष्कळ रडली आणि मी तिची पाठ थोपटली. मग तिने डोळे पुसले, माझे आभार मानले, मीना तू फार चांगली आहेस म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. सायकलवर बसून कोपऱ्यावर वळताना तिने हात केला. मीही केला.

आत येऊन डबा ओट्यावर ठेवला. तिने सफरचंदाचा केक करून आणला होता. मी कापड काढलं. दालचिनीचा वास आला. अगदी स्पष्ट, लख्ख, घरभर. मी तिथेच उभं राहून एक तुकडा कापला आणि खाल्ला.